सुक्या बोंबलाचा विमानप्रवास

तारापूरजवळच्या घिवलीच्या किनाऱ्यावर वाळलेले बोंबील परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांकडे न्यायचे, तर विमानतळावरील वजनकाट्याचा विचार घरीच करावा लागतो. ताज्या बोंबलात नऊ दशांशाच्या जवळपास पाणीच असते. सुकल्यावर वजन उतरते, जागा मात्र तो पुष्कळ अडवतो. म्हणून डोके व शेपटी काढून, तुकडे करून पुन्हा एक ऊन द्यावे आणि हवाबंद पाकिटात दुहेरी बांधणी करावी. उग्र वास सुटलेले सामान विमान कंपनी नाकारू शकते.

मर्यादेची पद्धत तिकिटावर पाहावी. अमेरिकेच्या मार्गावर बहुधा नगाप्रमाणे मोजतात, प्रत्येकी २३ किलो. एक बॅग २५ आणि दुसरी २० किलोंची भरली, तर बेरीज मर्यादेत असूनही पहिलीवर जादा आकार पडतो. आखाती मार्गांवर पुष्कळदा एकूण वजन धरतात; तरीही ३२ किलोंहून जड नग सहसा घेत नाहीत. बोंबलाच्या जोडीला सुके खोबरे ठेवू नये. तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून त्यावर निर्बंध आहेत.

खरी परीक्षा उतरल्यावर. युरोपीय संघात स्वतःच्या वापरासाठी २० किलोंपर्यंत मासळी नेता येते. मांस व दुधाचे पदार्थ चालत नाहीत. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ जाहीर करावेच लागतात, लपविल्यास दंड होऊ शकतो. पाकिटावर ‘बॉम्बे डक’ मात्र लिहू नये, ‘ड्राइड फिश’ लिहावे. ‘डक’ म्हणजे बदक, आणि तपासनिसाला मांसाचा संशय यायला तेवढा शब्द पुरतो.