मोतीबिंदू पांढरा का दिसतो?

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनपट्ट्यातून वृद्ध आईवडिलांना घेऊन येणारी मंडळी आम्हांस दोन प्रश्न आवर्जून विचारतात : मोतीबिंदू औषधाने विरघळेल काय, आणि तो पिकेपर्यंत थांबावे काय? दोहोंचे उत्तर प्रकाशाच्या विकिरणात, म्हणजे विखुरण्यात आहे.

खडीसाखरेचा स्वच्छ खडा पारदर्शक असतो; तोच कुटला की पांढरी पूड होते. त्यात बाहेरचे काहीच मिसळलेले नसते. असंख्य कणांच्या अस्ताव्यस्त पृष्ठांवरून प्रकाश दाही दिशांना विखुरतो, एवढेच. वैनगंगेकाठी हिवाळी धुक्यात एस.टी.चे दिवे धूसर गोळ्यांसारखे भासतात, तेही विखुरण्यामुळेच.

आपल्या नेत्रभिंगाचा वजनाने सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. एवढ्या दाटीतही ते निर्मळ कसे राहते, याचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ मध्ये मांडला. प्रथिनांचे रेणू परस्परांपासून साधारण सारखे अंतर राखून असतात. त्यामुळे आजूबाजूला विखुरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना जवळजवळ नाहीशा करतात. वाढत्या वयात ही प्रथिने बिघडून त्यांचे गठ्ठे बनतात. तेंदूपत्त्याच्या हंगामासारखे वर्षानुवर्षांचे प्रखर ऊन, मधुमेह आणि विडी यांमुळे ते लवकर घडू शकते. शिजलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पारदर्शक होत नाही, तशीच ही गत. जाहिराती काहीही म्हणोत, थेंबांनी मोतीबिंदू गेल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसविणे हाच उपाय; लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी तो १९४९ मध्ये प्रथम योजिला.

पिकण्याची वाट पाहणे ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळची रीत. आज तिची गरज नाही. उलट फार पिकलेले भिंग कठीण होते, कधी फुगून डोळ्यातील दाब वाढविते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

हेच विकिरण तपासणीत आमच्या कामी येते. स्लिट लॅम्पचा पातळ प्रकाशपट्टा भिंगाच्या गढूळ भागात उजळून दिसतो. त्यावरून मोतीबिंदू कोठे व किती दाट आहे, हे कळते. भिंग पूर्ण पांढरे झाले तर मागचा पडदा दिसत नाही. तरीही विखुरलेला का होईना, प्रकाश आत पोहोचतच असतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत बॅटरी निरनिराळ्या बाजूंनी धरून, उजेड कोठून येतो, असे आजीआजोबांना विचारले जाते. त्यांना सांगता आले नाही, तर पडद्याच्या वा नेत्रमज्जातंतूच्या विकाराची शंका येते, आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी कितपत परतेल, हे आम्ही नातेवाइकांना आधीच सांगतो.