उन्हाळ्याची शिदोरी

गेल्या माघातली गोष्ट. शिकवणी आटोपून तानपुऱ्याला गवसणी घालीत होतो, तोच माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजी जिना चढून वर आल्या. घराणे बडोद्यातले जुने. पाच-सहा पिढ्या इथेच नांदलेल्या. पाठोपाठ नातही आली. आजी जरा टेकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आता तुम्हीच समजवा हिला. संस्कृत घेतलं, आम्ही काही बोललो नाही. आता म्हणते, ग्रीक शिकायला उन्हाळ्यात परदेशी जाते. तिकडे तरी ती जुनी भाषा बोलतं का कोणी?"

मुलीने वाद घातला नाही. होमरच्या पाठ असलेल्या दोन ओळी तिने सावकाश म्हणून दाखविल्या. मला अर्थ काडीचा कळला नाही. पण बोट मात्र पेटीच्या झाकणावर आपोआप पडू लागले. आपल्या वृत्तांत असतो तोच गुरु-लघूंचा हिशेब. आजींनीही ते ओळखले. "हे तर श्लोकासारखं आहे की!" त्या म्हणाल्या, पण लगेच सावरून बसल्या. प्रश्न वृत्ताचा नव्हता, खर्चाचा होता.

बडोद्याच्या मुलीला ग्रीकचा नाद लागावा कसा, असे कोणी विचारील. तिला तो भडोचमुळे लागला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहितीवही लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत बारीगाझा म्हणून जे बंदर येते, ते आपले भडोच. तिथल्या राजासाठी जहाजातून काय काय येई त्याची यादीच तीत आहे: चांदीची भांडी, उंची मद्य आणि गाणारी-वाजविणारी माणसे! दरबारी कलावंताच्या मुलाने हे ऐकून कान टवकारले नसते तरच नवल. मुलगी म्हणाली, "सर, भाषांतरात एक जण नुसती गाणारी मुलं म्हणतो, दुसरा गुलाम वादक म्हणतो. मूळ शब्द मला स्वतः वाचायचाय." या एका वाक्यावर मी तिच्या पक्षाला मिळालो.

मग चौकशी केली. तिकडे ग्रीक-लॅटिनच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, तोच खरा हंगाम. वर्षभर पुस्तकातून रूपे घोकायची आणि उन्हाळ्यात ती भाषा जिथे नांदली त्या जागी जाऊन बसायचे. अथेन्समध्ये १८८१ साली स्थापन झालेली अमेरिकन विद्यासंस्था आहे. तिच्या उन्हाळी वर्गातले विद्यार्थी गावोगावचे अवशेष हिंडतात आणि प्रत्येकाला एखाद्या वास्तूसमोर उभे राहून तिची माहिती स्वतः सांगावी लागते. याच संस्थेने १९३१ साली अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेचे, अगोराचे, उत्खनन हाती घेतले. तिथे उन्हाळ्यात विद्यार्थी माती उपसतात, खापरे धुतात, नोंदी करतात. ब्रिटिशांची तशीच संस्था अथेन्सला १८८६ पासून आहे.

पण माझ्या मनात घर केले ते रोमच्या एका गुरूने. रेजिनाल्ड फॉस्टर हे अमेरिकन कार्मेलाईट साधू, एका प्लंबरचे चिरंजीव. व्हॅटिकनच्या लॅटिन लेखनकचेरीत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले. १९८५ पासून ते उन्हाळ्यात रोमला लॅटिनचा वर्ग भरवीत. फी नाही. कोणीही यावे, दिवसभर बसावे, लॅटिन वाचावे आणि बोलावेही. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन ते बाहेर पडत आणि ज्या जागेविषयी लिहिले गेले, त्याच जागी तो उतारा वाचीत. ज्या विद्यापीठात ते वर्षभर शिकवीत, तिथून २००६ साली त्यांना जावे लागले. पैसे न भरणाऱ्यांना ते वर्गात बसवून घेतात, ही तक्रार! तरी त्यांनी शिकविणे सोडले नाही. २०२० च्या नाताळात ते वारले. त्यांच्या शिष्यांनी काढलेल्या पायदेया संस्थेने रोममधील हे उन्हाळी लॅटिन पुढे चालविले. अशी माणसे सर्वच विद्यांत असतात. आपल्याकडे त्यांना उस्ताद म्हणतात.

मात्र गुरूने फी सोडली म्हणजे शिष्याचा खर्च सुटत नाही. उन्हाळी वर्गांना बहुधा फी असते. काही उत्खननांत राहण्या-जेवण्याची सोय होते, तर पुष्कळ ठिकाणी शिकाऊ विद्यार्थ्यालाच पैसे भरावे लागतात. विद्वत्सभांच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांतील कित्येक त्या त्या देशाच्या विद्यार्थ्यांपुरत्या. अमेरिकेतील अभिजात विद्यांची सभा वंचित समाजांतील विद्यार्थ्यांना उन्हाळी अभ्यासासाठी शिष्यवृत्ती देते. तिला फ्रँक स्नोडेन यांचे नाव आहे. ग्रीक-रोमन जगातील कृष्णवर्णीयांवर १९७० साली ग्रंथ लिहिणारे हे स्वतः कृष्णवर्णीय पंडित. कोण येऊ शकत नाही हे पाहून पैसा ठेवावा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटली. परंतु तीही अमेरिका-कॅनडातील विद्यार्थ्यांसाठीच. आपल्या मुलीच्या वाटेत आणखी एक अडचण: आपली सुट्टी संपते तेव्हा तिकडचा हंगाम भरात येतो, म्हणजे इथली हजेरी बुडते ती वेगळीच.

हे सगळे ऐकताना मला माझा एक उन्हाळा आठवत होता. माझे वडील पोरवयात दरबारच्या कलावंत कारखान्यात तबल्याला लागले. संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. मी एकोणीस वर्षांचा असताना परगावच्या एका वृद्ध गवयांनी निरोप धाडला, "दोन महिने पाठवा पोराला, माझ्याजवळचं त्याला देऊन टाकतो." फी नाही, राहणे त्यांच्याच घरी. पण माझ्या शिकवण्यांवर घरचे दूध आणि वाण्याचे बिल भागत होते. ते दोन महिने कोण भरणार? वडिलांनी कोणापुढे हात पसरला नाही, मीही विषय काढला नाही. पुढल्या थंडीत गवई गेले. त्यांच्याकडच्या चीजा मी पुढे इतरांकडून अर्ध्यामुर्ध्या ऐकल्या. त्या गाताना अंतऱ्याशी अजून अडखळतो.

तेव्हापासून मला पक्के कळले आहे की, विद्यार्थी अडतो तो फीशी नव्हे, फीच्या भोवतीच्या खर्चाशी. आपल्या सयाजीराव महाराजांना हे ठाऊक असावे. मौलाबक्षांच्या मुलाला, अल्लाउद्दीन खानांना, त्यांनी पाश्चात्त्य संगीत शिकायला विलायतेस पाठविले. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. 'दरमहा' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मानपत्र एकदा मिळते, भूक रोज लागते.

आता दरबार नाही, आणि असावा असेही मी म्हणत नाही. पण ती जुनी घरे आहेत. मुलीला एका वर्गात जागा आणि फीत निम्मी सूट मिळाली, तेव्हा आजींनी आपल्या भिशीतल्या बायकांना घरी चहाला बोलावले. मुलीने त्यांना भडोचच्या बंदराची गोष्ट सांगितली. एकीने विचारले, "परत येऊन आमच्या नातवंडांना शिकवशील का हे?" मुलगी म्हणाली, "दर रविवारी." त्यावर विमानाच्या तिकिटाची सोय झाली. व्हिसा आणि वरखर्च अजून जमायचा होता, म्हणून या वर्षी ती गेली नाही. संस्थेने जागा पुढच्या वर्षासाठी राखली आहे.

ज्यांच्या घरी असे एखादे खुळे पोर असेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे: तिकडचे अर्ज बहुधा थंडीत जातात, तेव्हा चौकशी दसऱ्यालाच करावी. आणि ज्यांच्या घरी असे पोर नाही, त्यांनी शेजारी पाहावे. आमच्या भिशीत अजून दोन जागा रिकाम्या आहेत. एक मी घेतली.