कबुलीजबाब कोणापुढे?

दहशतवाद आणि कायदा : लेखांक ६

स्फोट झाला की संतापाच्या भरात आपण म्हणतो, ‘थर्ड डिग्री लावा, पोपटासारखा बोलेल.’ मार खाल्लेला माणूस बोलतोच. पण बोलतो ते खरे असते का, आणि ते न्यायालयात टिकते का? मुंबईतलेच दोन खटले पाहा.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे घरी परतली नाहीत. खटला मकोका म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली चालला. एरवी पोलिसापुढची कबुली पुरावा ठरत नाही, असे १८७२च्या पुरावा कायद्यापासून चालत आले आहे. टाडा आणि पोटा या दहशतवादविरोधी कायद्यांनी हा बांध फोडला. ते दोन्ही कायदे गेले, पण मकोकाचे कलम १८ राहिले. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब या कलमाखाली चालतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. साक्षीदार आणि जप्तीचा पुरावा तर टिकला नाहीच, पण कबुलीजबाबांची अवस्था त्याहून वाईट होती. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले काही भाग एकसारखे निघाले. केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या वैद्यकीय नोंदी छळाच्या शक्यतेकडे बोट दाखवत होत्या. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. १९ वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांना ‘कोणी केले?’ याचे पक्के उत्तर मिळालेले नव्हते.

दुसरा खटला २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचा. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने कबुली दिली ती महिला दंडाधिकाऱ्यापुढे. कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, असे त्यांनी त्याला बजावले. विचार करायला वेळ दिला, पोलिसांपासून दूर ठेवले आणि मगच जबाब लिहून घेतला. पुढे त्याने तो नाकारला, तरी ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्वेच्छेने दिलेला मानला. हल्ल्याला चार वर्षे पुरी होण्याआधी येरवड्यात त्याला फाशी झाली.

कोणी म्हणेल, बॉम्ब फुटायला तासभर उरला असेल तर? अशा वेळी समोरचा माणूस खरोखर गुन्हेगार आहे, त्याला ठिकाण माहीत आहे आणि मार खाऊन तो खरेच सांगेल, हे सगळे आपण गृहीत धरून चालतो. कोठडीत यातले काहीच ठाऊक नसते. तिथे असतो फक्त एक संशयित, आणि त्याचे हात बांधलेले असतात. त्याला मारणे हा मला निव्वळ अन्याय वाटतो, मग तो पुढे दोषी ठरो वा न ठरो. कायद्यानेही कबुलीसाठी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मंजुरी दिली नाही. ती द्यावी, आणि महाराष्ट्राने मकोकाचे कलम १८ रद्द करावे. कबुली घ्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे घ्या.

(पुढील आठवड्यात : नार्को चाचणी आणि २०१०चा सेल्वी निकाल)