बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत?

हातावर पडलेल्या माणसाला जमलेली मंडळी बहुधा पहिली गोष्ट सांगतात ती हीच : ‘बोटं हलवून दाखव बघू.’ बोटे हलली की सगळ्यांना हायसे वाटते. मग मनगटाला तेल लावून चोळले जाते, पट्टी आवळून बांधली जाते आणि ‘मुरगळलंय फक्त, आठ दिवसांत बसेल’ असा निकाल लागतो. या साऱ्यामागे एकच समजूत असते, की हाड म्हणजे मांसात बसवलेली कोरडी काठी. काठी मोडली तर कळेलच, वाकली तर सरळ करता येईल आणि आवळून बांधली तर जुळेल. हाताची रचना समजून घेतली की ही समजूत टिकत नाही आणि तिच्यातून निघालेले बाकीचे गैरसमजही टिकत नाहीत.

दंडात १, कोपर ते मनगट २, मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४ अशी एका हातात ३० हाडे असतात. खांद्यामागचे पसरट हाड आणि गळ्याखालचे आडवे हाड धरले तर ३२. म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी ६४ दोन हातांच्या वाट्याला येतात. ही सगळी हाडे जिवंत आहेत. जर्मन शल्यवैद्य युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताच्या दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा स्पष्टपणे जाड भरते, हा त्याचा ठळक पुरावा. काठी वापरून जाड होत नाही. हाड होते, कारण त्यात पेशी आहेत आणि त्या पेशींना रक्त मिळते. मोडलेले हाड जुळते तेही याच रक्ताच्या जोरावर. म्हणून हाताला मार लागला की हाड सरळ दिसते का, एवढेच पाहून भागत नाही. त्याला आणि त्याच्या भोवतालच्या स्नायूंना रक्त पोहोचते आहे का, हे पाहावे लागते.

गैरसमज : बोटं हलतात, म्हणजे मोडलेलं नाही.

बोटे वाकवणारे आणि ताठ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागात असतात. एका हाताने दुसऱ्या हाताचा हा भाग धरून मूठ वळली, की ते आखडताना हाताला जाणवतात. तिथून निघालेल्या दोरीसारख्या कंडरा मनगटावरून पुढे जाऊन बोटांना ओढतात. मनगटातल्या एखाद्या लहान हाडाला तडा गेला, तरी ही ओढ चालूच राहते. त्यामुळे बोटे हलणे हा कंडरा आणि नसा काम करत असल्याचा पुरावा आहे, हाड शाबूत असल्याचा नाही. ‘क्रॅक आहे, फ्रॅक्चर नाही’ हे वाक्यही असेच फसवे. वैद्यकशास्त्रात हाडाला गेलेला तडा म्हणजेच फ्रॅक्चर. फरक असतो तो तुकडे जागेवरून सरकले आहेत की नाहीत, एवढाच.

गैरसमज : एक्स-रे स्वच्छ आला, आता काळजी नाही.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म रॉन्टगेन यांनी डिसेंबर १८९५ मध्ये पत्नीच्या हाताचे एक्स-रे छायाचित्र घेतले आणि जिवंत माणसाची हाडे जगाला दिसली. पण एक्स-रे ही अखेर सावली आहे आणि काही तडे सावलीत लपतात. मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचे होडीच्या आकाराचे लहान हाड असते. मनगटाच्या आठ हाडांत सर्वाधिक वेळा मोडते ते हेच, आणि तेही बहुतेकदा तळहात टेकून पडल्यावर. तुकडे सरकले नसतील, तर पहिल्या एक्स-रेत हा तडा दिसेलच असे नाही. धोका पुढे आहे. या हाडाला मुख्य रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाकडून उलटा, कोपराच्या दिशेने येतो. मध्यावर तडा गेला की कोपराकडच्या तुकड्याचे रक्त तुटू शकते. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा निर्जीव होतो आणि काही वर्षांनी सांधा झिजून मनगट कायमचे दुखू लागते. अंगठा ताठ वर केला की त्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये एक खळगा दिसतो. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असूनही डॉक्टर हात आधारात बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात. ही अतिकाळजी नाही, शरीररचनेची मागणी आहे.

गैरसमज : चोळून आणि घट्ट बांधून हाड लवकर बसतं.

सर्वांत मोठे नुकसान इथे होते, आणि ते मुलांचे होते. पडल्यावर कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडणे ही लहान मुलांमधली नेहमीची दुखापत. त्या हाडाला लागूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. चोळल्याने टोकदार तुकडा तिला इजा करू शकतो. शिवाय सूज वाढत असताना वरून पट्टी किंवा कामट्या आवळल्या, की आतला दाब वाढून स्नायूंचे रक्त अडते. काही तासांत स्नायू मरू लागतात, मग आखडतात आणि मनगट व बोटे वाकडी होऊन बसतात. जर्मन शल्यवैद्य रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन करताना घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडेच बोट दाखवले होते. बांधल्यावर वेदना वाढत जाणे, बोटे सरळ करताना असह्य दुखणे, बोटे बधिर, गार किंवा फिकी पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. नाडी लागते म्हणूनही निर्धास्त राहू नये.

यावर कोणी म्हणेल, हाडवैद्याकडे जाऊन कितीतरी लोक बरे झाले, त्याचे काय? ते खरेच आहे. गळ्याखालच्या आडव्या हाडासारखी पुष्कळ हाडे नुसत्या झोळीच्या आधारानेही जुळतात. पण ती जुळवणारा हात बांधणाऱ्याचा नसतो. जिवंत हाड स्वतःच जुळते. जिथे ते स्वतःहून जुळत नाही किंवा रक्तच अडते, अशा दुखापतींत हा अनुभव उपयोगी पडत नाही. आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुसरा आक्षेप अंतराचा आणि खर्चाचा. तोही खोटा नाही. म्हणूनच दवाखाना लांब असेल तर काय करायचे, हे घरोघरी माहीत हवे. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढावे. जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन सैल बांधावे, झोळी करावी, बोटांची टोके उघडी ठेवून त्यांचा रंग आणि ऊब पाहत राहावी. चोळू नये, ओढू नये, आवळू नये. आणि बोटे हलत असली, तरी हात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावा.