एकच विकर, दोन रोग : बंगळुरूतील संशोधनाचा मागोवा

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग १९२१ पासून आहे. या विभागात आणि त्याच्या आसपास वाढलेल्या संस्थांत गेल्या चार दशकांत जे वैद्यकीय संशोधन झाले, त्यात दोन धारा ठळकपणे दिसतात : एक हिवतापाच्या परजीवीची आणि दुसरी बालकांच्या जन्मजात आनुवंशिक विकारांची. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, कारण पहिला रोग डासामुळे पसरतो आणि दुसरा आईबापांकडून येतो. तरीही दोन्ही धारांचा उगम विकरांच्या अभ्यासात आहे. पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने म्हणजे विकरे. परजीवीचे एखादे विकर औषधाने बंद पाडता आले तर रोगी वाचण्याची आशा निर्माण होते, आणि त्याच जातीचे विकर बालकात जन्मतःच निकामी असेल तर ते बालक आजारी पडते. ज्या ज्ञानाने एके ठिकाणी क्रिया थांबवायची, त्याच ज्ञानाने दुसऱ्या ठिकाणी थांबलेली क्रिया ओळखायची, असे हे दुहेरी काम आहे.

यांपैकी बालकांची धारा आधी सुरू झाली. वरील विभागातील एन. अप्पाजी राव आणि ए. राधा रमा देवी यांनी १९८० मध्ये कर्नाटकातील नवजात बालकांच्या रक्ताची तपासणी हाती घेतली. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांचे चयापचय बिघडलेले असल्यास ते जन्मानंतर लगेच ओळखता यावे, हा तिचा हेतू होता. अशा विकारांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे फेनिलकीटोन्यूरिया. त्यात फेनिलॲलानिन या अमिनो आम्लाचे रूपांतर करणारे विकर काम करीत नाही, ते आम्ल रक्तात साठत जाते आणि वेळेवर आहार न बदलल्यास मेंदूला कायमची इजा होते. जन्मल्यावर मूल निरोगीच दिसते, लक्षणे काही महिन्यांनी उमटतात आणि तोवर उशीर झालेला असतो, म्हणून तपासणी पहिल्या काही दिवसांतच करावी लागते. कर्नाटकातील या उपक्रमात लाखाच्या आसपास नवजात बालके तपासली गेली. भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेला हा पहिलाच प्रयत्न होता.

या तपासणीतून एक सामाजिक नोंदही हाती आली. मूल आजारी असो वा निरोगी, त्याच्या आईबापांचे आपसातील नाते विचारले जात असे, त्यामुळे नात्यातील विवाहांची एवढी मोठी माहिती प्रथमच जमा झाली. देवी, राव आणि लंडनचे आनुवंशिकीतज्ज्ञ ॲलन बिटल्स यांनी १९८७ मध्ये तिच्या आधारे बालकांतील आनुवंशिक विकारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ६५ हजारांहून अधिक विवाहांची नोंद होती आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विवाह रक्ताच्या नात्यातील होते, मुख्यतः मामा-भाचीचे किंवा मामेबहिणीशी झालेले. मराठी वाचकाला यातील दुसरा प्रकार परका नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेची जी प्रादेशिक मांडणी केली, तीत महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या सीमेवर येतो : मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक जातींत मान्य आहे, मात्र मामा-भाचीचा विवाह बहुतेक ठिकाणी निषिद्ध मानला जातो. आनुवंशिकीच्या भाषेत हा फरक मोजता येतो. एकाच पूर्वजाकडून आलेल्या एखाद्या जनुकाच्या दोन सारख्या प्रती अपत्यात एकत्र येण्याची शक्यता मामा-भाचीच्या संबंधात आठात एक असते, तर मामेबहीण-आतेभावाच्या संबंधात ती सोळात एक असते. अप्रभावी विकार, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्यावरच प्रकट होणारा विकार, अशा कुटुंबांत अधिक आढळतो तो याच कारणाने. बिटल्स आणि अप्पाजी राव यांनी पुढे १९९१ मध्ये अशा विवाहांतील अपत्यांचे आरोग्य आणि जन्ममृत्यू यांवर आणखी व्यापक मांडणी केली. तीत रूढीवर बाहेरून दोषारोप करण्याऐवजी तिच्या परिणामांची मोजदाद होती, आणि म्हणूनच ती टिकाऊ ठरली.

दुसरी धारा याच विभागातील गोविंदराजन पद्मनाभन यांच्या कामातून निघाली. त्यांचा मूळ विषय यकृतातील हीमची निर्मिती हा होता. हीम हा हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग असून तो शरीरात आठ विकरांच्या साखळीने बनतो. या साखळीतील एखादे विकर जन्मतः उणे असल्यास पोर्फिरिया नावाचे विकार होतात, म्हणजे येथेही आनुवंशिक रोगाचा धागा आरंभापासूनच होता. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटलेल्या हीमच्या विषारीपणापासून बचाव करण्यासाठी त्याचे स्फटिक करून साठवतो, आणि तरीही स्वतःचे हीम नव्याने बनवतो, असे नमिता सुरोलिया आणि पद्मनाभन यांनी १९९२ मध्ये दाखवले. पुढे २००० मध्ये याच गटाने असेही मांडले की या साखळीतील एक विकर परजीवी थेट मानवी पेशीतून आत ओढून घेतो. अन्नाच्या राशीत बसलेला जीव स्वतःचे अन्न वेगळे का शिजवतो, हा प्रश्न जीवशास्त्रीयदृष्ट्या विलक्षण होता, आणि ही साखळी तोडली तर परजीवी मरेल ही अपेक्षाही त्यातून सहज निघत होती.

नमिता सुरोलिया पुढे बंगळुरूतीलच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात काम करू लागल्या. साबणात आणि टूथपेस्टमध्ये वापरले जाणारे ट्रायक्लोसान हे जंतुनाशक परजीवीची मेदाम्ल बनवण्याची क्रिया रोखते आणि उंदरांतील हिवताप बरा करते, हे त्यांनी व अवधेश सुरोलिया यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. मानवी पेशीत मेदाम्ले वेगळ्या पद्धतीने तयार होत असल्याने हे लक्ष्य निर्धोक वाटत होते.

या दोन्ही शोधांची पुढची वाटचाल सारखीच झाली, आणि त्यातून या संशोधनाची खरी खोली कळते. परजीवीतून मेदाम्लाचे संबंधित जनुक काढून टाकण्याचे प्रयोग २००८ च्या सुमारास परदेशात झाले, तेव्हा रक्तातील अवस्थेत त्याचे काही अडत नाही, फक्त यकृतातील वाढीच्या शेवटी ते लागते, असे आढळले. म्हणजे रक्तातील परजीवीवर ट्रायक्लोसानचा परिणाम अन्य मार्गाने होत असला पाहिजे. हीमच्या बाबतीत तर पद्मनाभन यांच्या गटानेच २०१३ मध्ये हे काम केले : हीम बनवणारी जनुके काढलेला उंदरांमधील परजीवी रक्तात वाढतो, यजमानाचे हीम वापरतो, पण डासात आणि यकृतात त्याची वाढ खुंटते. वीस वर्षे जपलेल्या गृहीतकाची अशी परीक्षा स्वतः घेणे आणि तिचा निकाल जसाच्या तसा छापणे, ही या प्रयोगशाळेची मोठी मिळकत मानली पाहिजे. त्या निकालाने हीमचा विषय संपला नाही. याच परंपरेतल्या विश्वनाथन अरुण नागराज यांच्या भुवनेश्वर येथील गटाने २०२२ मध्ये असे दाखवले की परजीवीने बनवलेले हीम मेंदूच्या हिवतापाची तीव्रता वाढवते आणि बुरशीवरचे जुने औषध ग्रिझिओफुल्विन उंदरांना त्यापासून वाचवते. आफ्रिकेत हिवतापाने दगावणाऱ्या लहान मुलांपैकी अनेकांचा बळी मेंदूचा हिवतापच घेतो, हे लक्षात घेतल्यास या निष्कर्षाचे मोल कळते.

दोन धारा अक्षरशः एकाच रेणूत मिळतात ते हेमलता बलराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामात. ट्रायोजफॉस्फेट आयसोमरेज हे साखरेच्या विघटनातील विकर दोन सारख्या भागांची जोडी होऊनच काम करते. परजीवीतील या विकराचे जनुक १९९३ मध्ये बंगळुरूत वेगळे करण्यात आले आणि त्याची त्रिमितीय रचना १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पी. बलराम आणि एम. आर. एन. मूर्ती यांचाही वाटा होता. दोन भाग जेथे जुळतात त्या सांध्यावर मानवी विकरात मेथिओनिन असते, तर परजीवीत त्या जागी सिस्टीन असते, आणि हा फरक साधून औषधाने जोडी फोडता येईल, असा विचार पुढे आला. बालकांत मात्र याच विकराची कमतरता हा अत्यंत दुर्मिळ व प्राणघातक विकार आहे, त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि मज्जासंस्था ढासळत जाते. त्यास बहुतेकदा कारण होणारे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील बदल, त्याच सांध्याजवळ येते आणि जोडी दुबळी करते. परजीवीत जे घडवून आणावयाचे, तेच या बालकांत आपोआप घडलेले असते.

एचजीपीआरटी या दुसऱ्या विकराची कथाही अशीच आहे. परजीवीला जनुकीय द्रव्यासाठी लागणारी प्युरीन संयुगे स्वतः बनवता येत नाहीत, ती त्याला यजमानाकडून उचलून या विकराच्या साहाय्याने वापरावी लागतात. मुलग्यांत हे विकर पूर्णतः नसल्यास लेश-नायहन विकार होतो. १९६४ मध्ये वर्णन झालेल्या या विकारात रक्तातील युरिक आम्ल वाढते, हालचालींवर ताबा राहत नाही आणि मूल स्वतःचेच ओठ व बोटे चावते. ॲलोप्युरिनॉलने युरिक आम्ल आटोक्यात येते, पण मेंदूवरील परिणामांवर उपाय सापडलेला नाही. परजीवीचे विकर झँथिन या संयुगावर काम करते, मानवी विकर करीत नाही. सक्रिय स्थळापासून दूर असलेले एकच अमिनो आम्ल बदलले तर मानवी विकरही ते करू लागते, हे हेमलता बलराम यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

रुग्णसेवेच्या बाजूने बंगळुरूत पुढचे पाऊल एच. शरत चंद्र यांनी उभारलेल्या मानवी आनुवंशिकी केंद्राने टाकले. त्याचे चिकित्सक इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेत रुग्ण तपासतात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात या दोन संस्थांना मिळून उत्कृष्टता केंद्राचा दर्जा मिळाला, आणि २०२२ पासून अशा केंद्रांमार्फत रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद झाली. काही विकारांत बाहेरून विकर देण्याचे उपचार आयुष्यभर चालतात आणि त्यांचा खर्च काही वर्षांतच ही मर्यादा ओलांडतो, त्यामुळे ही तरतूद आवश्यक असूनही अपुरी आहे.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट मात्र मनाला खुपते. हिवतापाच्या लक्ष्यांपासून औषधापर्यंतचा रस्ता मुळातच लांब होता आणि तेथील विलंब समजण्यासारखा आहे. नवजात तपासणीचे तसे नव्हते : फेनिलकीटोन्यूरियाचा आहार १९८० मध्येही ठाऊक होता, तपासणीची रीत कर्नाटकात लाखभर बालकांवर वापरून झाली होती, तरीही ती कायमची सेवा झाली नाही. गोव्याने २००८ मध्ये राज्यपातळीवर नवजात तपासणी सुरू करून छोट्या राज्यालाही हे जमते असे दाखवले. देशातील प्रत्येक बालकासाठी बंधनकारक असलेला कार्यक्रम मात्र अजूनही अस्तित्वात नाही, आणि ज्या बालकाचा मेंदू केवळ आहार बदलून वाचला असता, त्याचे निदान अजूनही बहुधा इजा होऊन गेल्यावरच होते.