‘वय झालं’ हा रोग नव्हे!

“आता वय झालं, चालायचंच!” आजोबा जेवेनासे झाले, आजी दोनदा पडली, की आपल्या घरांतून हे वाक्य हटकून ऐकू येते. त्यात मायेची उणीव असते असे नाही. पण डॉक्टरच जेव्हा तसे म्हणतो, तेव्हा मात्र ते जिवावर बेतण्याचा संभव असतो.

इग्नाझ नाशर हा मूळचा व्हिएन्नाचा, न्यूयॉर्कला स्थायिक झालेला डॉक्टर. त्याची एक हकिकत सांगतात. विद्यार्थिदशेत निराधारांच्या आश्रमात एका वृद्धेचे गाऱ्हाणे ऐकून त्याने गुरूंना विचारले, हिला काय झाले आहे? उत्तर आले, म्हातारपण. मग उपाय? काही नाही! नाशरला ते उत्तर पटले नाही. १९०९ साली त्याने वृद्धांच्या वैद्यकाला ‘जेरिअॅट्रिक्स’ हे नाव दिले. लहान मुलांचे जसे वेगळे शास्त्र, तसे म्हाताऱ्यांचेही हवे, हा त्याचा आग्रह.

वेगळे कशाला? आजार तेच ना? आजार तेच, पण वेष पालटून येतात. तरुणाला न्यूमोनिया झाला तर अंग तापाने फणफणते, खोकला येतो. ऐंशीच्या आजीला ताप नसेलही. ती नुसती गळून जाईल, जेवण टाकील, बरळू लागेल. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. दिसतो तो दम किंवा घेरी. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की माणूस सुस्त नि विसराळू होतो, आणि घरचे म्हणतात, म्हातारचळ! डोक्याला लागलेला किरकोळ मार सगळे विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी कवटीत हळूहळू साचलेल्या रक्ताने आजोबांचे पाऊल अडखळू लागते.

कल्पनेतलेच, पण कोणत्याही इस्पितळाला ओळखीचे वाटेल असे उदाहरण घ्या. एकोणऐंशी वर्षांचे अण्णा रात्री एकाएकी ओरडू लागले, पांघरूण भिरकावू लागले, पोटच्या मुलाला चोर समजले. इस्पितळातल्या कागदावर ‘बुद्धिभ्रंश’ हा शब्द उमटण्याच्या बेतात होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारले,

“परवा कसे होते हो?”

“परवा? अहो, परवा सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवलं त्यांनी! दुधाचा हिशेबही लिहून ठेवला.”

“मग दोन दिवसांत नवीन काय घडलं? एखादं औषध?”

“सर्दी झाली होती. दुकानातून गोळ्या आणल्या. दिवसातून तीनदा देत होतो.”

कोडे इथेच सुटले. बुद्धिभ्रंश सहसा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे वाढत जातो. दोन दिवसांत आलेला भ्रम ही निराळीच व्याधी. तिला डेलिरियम म्हणतात, आणि तिच्या मागे बहुधा शरीरातली तातडीची काही गडबड असते. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचा जोर कमी होतो. त्यात अण्णांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली. लघवी तुंबली होती, आणि तेच औषध मेंदूलाही झाकोळीत होते. बाईंनी पोट चाचपले, नळी घातली, गोळ्या बंद केल्या. तरीही अण्णा पूर्ववत व्हायला पाच-सहा दिवस लागले. असा भ्रम लगेच उतरतोच असे नाही. आणि अण्णा निदान ओरडले तरी! या भ्रमाचा दुसरा प्रकार असा, की रोगी नुसता निपचित पडून राहतो. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही.

निदान न करता माणसे नुसती निजवून ठेवली तर काय होते, हे १९३५ साली लंडनजवळ डॉ. मार्जोरी वॉरेन यांनी पाहिले. वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाने शेजारची गोरगरिबांची शुश्रूषाशाळा ताब्यात घेतली, तेव्हा तिथल्या ७१४ खाटांची जबाबदारी या बाईंवर आली. बरे न होणारे, असा शिक्का बसलेली ही माणसे. बाईंनी एकेकाला नीट तपासले, वर्गवारी केली, उठवून बसवले, चालवले. पुष्कळजण चक्क घरी गेले! पुढे त्या खाटा २४० वर आल्या.

अंथरुणाचे नुकसान मोजलेही गेले आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस निजवून ठेवले. दोन्ही पायांचे मिळून जवळजवळ एक किलो मांस झडले. धडधाकटांची ही गत. मग आजाऱ्याचे काय?

औषधांचा गुंता तर विचारूच नका. रक्तदाबाच्या एका गोळीने घोटे सुजतात. सुजेसाठी दुसरे डॉक्टर लघवीचे औषध देतात. त्याने रक्तातले सोडियम उतरते, डोके गरगरते, आणि आजी पडतात. मग घेरीची तिसरी गोळी! खरे तर काढायची होती पहिली. त्यातून आजींना हृदय, मूत्रपिंड आणि मधुमेह असे तिन्ही असले, तर एकाचे औषध दुसऱ्याला बाधते; सगळेच काटेकोर साधत नाही. अशा वेळी काय राखायचे हे ठरवण्यापूर्वी आजींनाच विचारायला हवे. आपल्याकडे बैठक भरते ती व्हरांड्यात मुलग्यांची, आणि आजी आत पडून असतात.

उलट काही उपाय फार साधे असतात. १९९९ साली येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनौये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. वेळ नि जागा यांची आठवण करून देणे, चष्मा व कानाचे यंत्र हाताशी ठेवणे, पुरेसे पाणी पाजणे, रोज चालवणे, आणि झोपेच्या गोळीऐवजी रात्री गरम पेय देऊन पाठ चोळणे! नेहमीच्या व्यवस्थेत शंभरांत पंधराजणांना भ्रम झाला, इथे दहांना.

आपल्या देशात मद्रासच्या सरकारी जनरल इस्पितळात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तरी असे तज्ज्ञ अजून थोडेच, तेव्हा घरच्यांवर बरेच येऊन पडते. इस्पितळात निघताना चष्मा, कवळी, कानाचे यंत्र बरोबर घ्यावे. घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरावी. काढे, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळीसुद्धा. आणि डॉक्टरांना प्रथम हे सांगावे, की मागल्या आठवड्यात अण्णा काय काय करीत होते.