डब्यातल्या मावळ्यांसाठी घरचा पट

दिवाळी सरली की अंगणातला किल्ला मोडतो. अळिवाची हिरवळ वाळते, माती परसात जाते आणि बाजारातून हौसेने आणलेले मातीचे मावळे डब्यात बंद होतात ते पुढल्या वर्षापर्यंत. वास्तविक ह्याच मावळ्यांचा बारमाही खेळ होऊ शकतो. त्यासाठी हवा एक पक्का, हलका, उचलून ठेवता येईल असा पट. शहरात असे पट तयार मिळतात, पण ऐन हंगामात बियाण्याचा पैसा तिकडे कोण घालणार? तेव्हा घरीच करावा.

हा खेळ जुना आहे. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी प्रशियाच्या राजासाठी असे टेबल केले होते. त्यावर भूप्रदेशाचे सुटे चौकोन मांडून दर वेळी नवा मुलूख उभा करता येई. १९१३ साली एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. त्यात पायदळाने एका खेपेस फार तर एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट. आपण एक वीत आणि दोन वीत ठेवू. मात्र थोरल्याची वीत मोठी, धाकट्याची लहान. म्हणून सुतळीचे दोन तुकडे मापून ठेवा, निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

सुट्या चौकोनांची युक्ती आपणही घ्यावी. दोन फूट लांब-रुंद असे चार तुकडे करा. जोडले की चार फुटांचे रान, उचलले की कोपऱ्यात उभे. जुने प्लायवूड असल्यास उत्तम, नसल्यास खोक्याचे पुठ्ठे तीन थरांत चिकटवा. एका थराच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे ताकद येते. वर रात्रभर धान्याचे पोते ठेवा. गव्हाच्या खळीला झुरळे-उंदीर लागतात. ते टाळण्यासाठी खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे, पण मुलांच्या वस्तूत ते नको. इथे फेविकॉलचे चार पैसे खर्च करावेत.

आता वरची माती. काळी माती हाताशी असते म्हणून ती घेऊ नका. वाळताना ती आकसते आणि उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडतात. बारीक चाळलेली वाळू किंवा मुरूम घ्या. फेविकॉलमध्ये तितकेच पाणी मिसळून पटाला लावा, त्यावर माती भुरभुरा, वाळल्यावर झटका आणि वरून पातळ फेविकॉलचा आणखी एक हात द्या. मागच्या बाजूलाही तोच हात फिरवा, नाहीतर एकाच अंगाने ओढ बसून पट पापडासारखा वळतो.

डोंगरासाठी पुठ्ठ्याचे लहान होत जाणारे थर एकावर एक चिकटवावेत. पायऱ्या पडल्यामुळे मावळे नीट उभे राहतात. शिवाय प्रत्येक थराची कड म्हणजे एक समपातळी रेषा. बांध उताराला आडवा का घालतात, हे आम्ही शिवारात घसा कोरडा करून सांगतो. मुलाला ते ह्या डोंगरावर तांब्याभर न सांडता, नुसत्या बोटाने दाखवता येते. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे हिरवे रंगवून काडीवर खोचले की झाड झाले. रंगवलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. हे काम मुलींच्या हाती द्या आणि खेळातही त्यांना सेनापती करा, नुसते झाडे लावायला बसवू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कीटकनाशकाची रिकामी खोकी, डबे, बाटल्या ह्या कामाला कदापि वापरू नयेत, धुऊनसुद्धा नाही. औषध चोळलेले रंगीत बियाणे शोभेला म्हणून पटावर चिकटवू नये. मुलांचा हात पटावरून तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? माळ्यावरचे जुने तैलरंगाचे डबेही उघडू नका. रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरात, त्यापूर्वीच्या रंगाची खात्री नाही. पाण्यात कालवायचे साधे रंग पुरतात. थर्माकोलचा डोंगर केलात तर त्याला तैलरंग लावूच नये, त्यातल्या द्रावणाने थर्माकोल विरघळतो.

मावळे पडून फुटतात. प्रत्येकाच्या बुडाला रुपयापेक्षा थोडी मोठी पुठ्ठ्याची चकती लावा. पट जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी पुठ्ठा सोडत नाही. फळीवर उभे ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून ऊन दाखवा.